तिसऱ्या गिअरवरचा हात

राजसीची पिकअप रुसली ती नेमकी अंबरनाथच्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी... आणि मागे सोनचाफ्याची रोपं माना डोलवत उभी!

रुसली म्हणजे बंद पडली नव्हती हं. तिचा तिसरा गिअर टिकत नव्हता. टाकला की खट्‌ करून बाहेर. एरवी राजसी डाव्या हातानं दांडा दाबून धरायची, उजव्या हातानं स्टिअरिंग ओढायची आणि तोंडानं गाडीला गोड गोड बोलायची. पण त्या दुपारी श्रावणाची भुरभुर सुरू होती आणि वायपरनंही मान टाकली होती. काच पुसायला तिसरा हात आणायचा कुठून? मागे रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून पूल डोक्यावर घेतला.

"तिसरा राहत नाहीये ना?"

डाव्या खिडकीशी एक जण उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, केसांवर पावसाचे बारीक थेंब, आणि डोळे असे शांत, की त्याला मागचा हॉर्नचा कालवा ऐकूच येत नसावा.

"तुम्हाला काय माहीत?"

"मघापासून ऐकतोय. सुटतो आणि इंजिन ओरडतं." तो जरा घुटमळला. "मी... धरू का?"

"काय?"

"गिअर! गिअर धरतो म्हटलं. तुम्ही नुसती चालवा." त्याचे कान लाल झाले होते, हे राजसीनं त्या गडबडीतही बघून घेतलं. "मलाही पलीकडेच जायचंय. रिक्षा मिळत नाहीये."

अनोळखी माणसाला असं गाडीत घ्यावं का? चांगल्या घरच्या मुलीनं निदान पाच मिनिटं तरी विचार करायला हवा होता. पण रिक्षावाल्यांनी पाच सेकंदही दिले नाहीत. तो शेजारी येऊन बसला, तिनं क्लच दाबला, त्यानं दांडा ओढला आणि पिकअप पूल चढायला लागली.

"दुसरा," ती म्हणायची. तो दुसरा टाकायचा. "तिसरा," ती म्हणायची. तो टाकायचा आणि तळहात दांड्यावर घट्ट दाबून ठेवायचा. आनंदनगर एमआयडीसीच्या वळणापर्यंत बोलायचीही गरज उरली नाही. तिचा पाय क्लचवर गेला की त्याचा हात आपोआप हलायचा. असं आपलं न बोलता कुणाला कळतंय, हे राजसीला फार फार दिवसांनी अनुभवाला येत होतं. पालेगावला तिच्या नर्सरीच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं.

"हा गिअरबॉक्स संपलाय," तो उतरता उतरता म्हणाला. "दुसरा बसवावा लागेल. मी मेकॅनिक नाही, लेथवर असतो. पण गाड्या खोलायचा नाद आहे... आणि रविवारी मी मोकळा असतो."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"मग एक सोनचाफा द्या."

"लावणार कुठे?"

"ते बघू. आधी द्यायचं कबूल तर करा!"

ती हसली. आणि त्या हसण्यातच काय ते कबूल होऊन गेलं. त्याचं नाव सुजित.

मग सुरू झाले ते रविवार! सुजितबरोबर त्याचा मित्र धर्मेश यायचा. उल्हासनगरचा सिंधी, घरचं जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान. गिअरबॉक्स शोधायची जबाबदारी त्याची. राजसीकडून तिची शाळेपासूनची मैत्रीण जिज्ञासा. हिला पाना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण चहा फक्कड करायची आणि जीभ तर त्याहून फक्कड चालवायची.

खरं म्हणजे एका दिवसाचं काम. पण एका रविवारी बोल्ट गंजून बसला. एका रविवारी धर्मेशनं असा बॉक्स आणला की तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा निघाला. "साईं, दिसायला तर सेम टू सेम होता ना!" म्हणून त्यानं कानाला हात लावले. एका रविवारी चौघंही नुसतीच भजी खात बसली, कारण पाऊस. नर्सरीवरच्या हिरव्या जाळीखाली सगळं हिरवं दिसायचं... चहाचा कप, जिज्ञासाची ओढणी, सुजितच्या हातावरचं ऑइलसुद्धा. मलंगगडावर ढग उतरायचे, कामिनीच्या फुलांचा वास ओल्या मातीत मिसळायचा, आणि राजसीला वाटायचं, असंच चालू दे बाई. या गाडीचा एकेक स्क्रू सुटायला एकेक वर्ष लागू दे.

पण तसं चालणार नव्हतं. नर्सरीच्या जागेवर टॉवर उभा राहणार होता. दसऱ्याच्या आत सगळी रोपं बदलापूरच्या पुढे, बारवी रस्त्यावरच्या नव्या जागेत हलवायची होती. अण्णांनी, म्हणजे राजसीच्या वडिलांनी, आपल्या हातानं लावलेली, कलमं ज्यांच्यावरून घ्यायची ती जुनी झाडंसुद्धा मोठाल्या कुंड्यांत भरून तयार होती. पिकअप चालू झाली नाही तर बुलडोझर आणि झाडं समोरासमोर येणार.

आणि त्यातच एका रविवारी सुजित स्पॅनर पुसत म्हणाला, "पार तिकडे दक्षिणेत, होसूरच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. मोठं काम आहे."

"मग?" राजसीनं कुंडीतलं तण उपटत विचारलं. तण नव्हतंच. तिनं चांगली झेंडूची रोपं उपटली.

"बघू... तुझी गाडी झाली की निघतो."

झालं! गाडी झाली तर झाडं वाचणार आणि सुजित जाणार. नाही झाली तर सुजित थांबणार आणि झाडं जाणार. राजसीला त्या रात्री झोप म्हणून लागली नाही.

शेवटी तो रविवार उजाडलाच. बॉक्स बरोबरचा, बोल्ट नवे, आभाळसुद्धा मोकळं. गिअरचा दांडा काढून टाकल्यामुळे केबिनच्या तळाला एक भोक पडलं होतं. त्यातून दोर खाली सोडून बॉक्स बांधला होता, आणि दोर वर सीटवर आडव्या टाकलेल्या लोखंडी पाइपला गुंडाळला होता. दोर धरायला राजसी केबिनमध्ये. खाली पाठीवर पडलेला सुजित. मागे जॅकवर धर्मेश, आणि मोबाइलचा टॉर्च धरून जिज्ञासा.

त्या भोकातून राजसीला सुजितचे फक्त डोळे दिसत होते.

"ओढ... हळू," तो खालून म्हणाला. "हात कापतोय का तुझा?"

"दोर कापतोय."

"बरं, दोर कापतोय," तो म्हणाला, आणि डोळे हसले.

बॉक्स इंच इंच वर येत होता. राजसीनं दोराचा पीळ सरकवला आणि तिची नजर शेजारच्या सीटवर गेली. तेलकट कागदात गुंडाळलेलं, हाताच्या मुठीएवढं, नवंकोरं क्लचचं बेअरिंग. सकाळी सुजितनं तिथं ठेवलेलं. गेल्याच रविवारी त्यानं तिला समजावून सांगितलं होतं, की हे आत बसवायचं राहिलं तर क्लच सुटत नाही; सगळं बसवून झालं असलं तरी पुन्हा सगळं खाली उतरवायचं.

पुन्हा सगळं खाली. म्हणजे आजचा दिवस गेला. म्हणजे आणखी एक रविवार!

तिनं बेअरिंगकडे पाहिलं. मग भोकातून खाली पाहिलं. नुसतं गप्प बसायचं होतं हो! कुणाला काही कळलं नसतं. बाहेर अण्णांची झाडं कुंड्यांतून रांगेनं उभी होती, प्रवासाला निघालेल्या माणसांसारखी... तिनं डोळे मिटले.

"थांबा. वर घेऊ नका. बेअरिंग इथंच राहिलंय."

"क्या?" मागून धर्मेश ओरडला. "अरे चरिया, वेड्या! माझी कमर गेली, और तू बेअरिंग भूल गया? तू? जो मेरे को चार बार गिनके वॉशर देतो?"

जिज्ञासानं एकदा पिकअपखाली पाहिलं, एकदा केबिनकडे पाहिलं. तिला जे कळायचं ते कळलं. "धर्मेश, जॅक लॉक कर आणि चल. चहा उतू जातोय."

"गॅस तर पेटवलाच नाही ना तू?"

"म्हणूनच म्हणतेय, चल!"

दोघं गेली. जाळीखाली एकदम शांत झालं. कुठून तरी पाण्याचा पाइप ठिबकत होता, तेवढाच आवाज.

"सुजित..."

"हं."

"तू दचकलासुद्धा नाहीस."

खालचे डोळे बाजूला वळले. "मी विसरलो नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे... मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, अजून एक रविवार मिळेल."

राजसीनं दोराला पाइपवर आणखी एक वेढा दिला. "आणि धर्मेशची कंबर?"

"चोळून दिली असती." तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "तू कशाला बोललीस पण? मला वाटलं, तुला दिसलं तरी तू बोलणार नाहीस. बोललीस म्हणजे... तुला गाडी व्हायला हवीय. बरोबर आहे. झाडं आहेत."

"हवीच आहे मला गाडी!" तिचा आवाज चढला. "आणि मीसुद्धा गप्प बसणार होते. पण गाडी मोडकी ठेवून तुला अडकवायचं, हे मला नाही जमणार. थांबायचं तर माझ्यासाठी थांब. गिअरबॉक्ससाठी नको."

"हे... एवढ्याशा भोकातून सांगतेस?"

"समोरासमोर तोंड उघडलं नसतं माझं."

"मग नीट सांग. पूर्ण सांग."

"जाऊ नकोस," राजसी म्हणाली. "मला तू आवडतोस. फार आवडतोस. रविवारपुरता नाही, रोज हवा आहेस."

मग त्या भोकातून एक हात वर आला. काळा, तेलकट, तळवा उघडलेला.

"दे."

"काय?"

"बेअरिंग. आज गाडी पूर्ण करायची."

म्हणजे निघालाच हा! तिनं कागद सोडवून बेअरिंग त्याच्या हातावर ठेवलं... आणि त्याची बोटं मिटली ती बेअरिंगवरही आणि तिच्या बोटांवरही.

"गाडी झाली की निघतो म्हणालो होतो ना मी?"

तिनं नुसती मान हलवली. त्याला ती दिसली असावी.

"मग निघू या. बारवी रस्त्याला. एवढ्या कुंड्या उतरवायला माणूस लागेलच ना तुला? होसूरला उद्या कळवतो, येत नाही म्हणून. लेथ काय, इथंही फिरतोय." जरा थांबून तो म्हणाला, "मी तर पुलावरच अडकलो होतो, राजसी. तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिला रडू आलं आणि हसूही आलं. डोळे पुसायला हात नेला, तर गालावर काळी रेघ उमटली.

चहा न पिताच जिज्ञासा आणि धर्मेश परत आले. बेअरिंग जागेवर बसलं. "थोडं फिरव... अजून थोडं..." सुजित म्हणत होता, धर्मेश मागून बॉक्सचा शाफ्ट फिरवत होता, आणि एका क्षणी दात्यांत दाते जुळून बॉक्स अलगद आत सरकला. जिज्ञासानं टाळ्या वाजवल्या. राजसीच्या गालावरची रेघ बघून ती बोलली मात्र काही नाही, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

संध्याकाळी पहिली खेप निघाली. मागे कुंड्या, आणि कुंड्यांमध्ये अंग चोरून बसलेले जिज्ञासा आणि धर्मेश. सुजितच्या मांडीवर कबूल केलेला सोनचाफा. काटई रस्त्याला लागल्यावर राजसीनं क्लच दाबला. ती काही बोलली नाही. सुजितचा हात दांड्यावर आला, तिसरा पडला आणि तळहात तिथंच दाबून राहिला.

"आता धरायची गरज नाही," ती समोर बघत म्हणाली. "राहतोय तो."

"माहीत आहे."

हात हलला नाही. राजसीनं आपला डावा हात त्यावर ठेवला. बदलापूरच्या डोंगरांवर ऊन तांबूस झालं होतं, खिडकीतून ओल्या गवताचा वास येत होता, आणि इंजिन केव्हापासून वरचा गिअर मागत होतं.

"अरे साईं!" मागून पत्र्यावर थाप पडली. "चौथा टाका ना, चौथा!"

पण बदलापूर येईपर्यंत चौथा काही कुणी टाकला नाही.