धोंडुबाईची वाटणी

थुंकी गोळा करायची नोकरी कुणी आपणहून मागून घेत नाही. आकारामलाही ती अशीच चिकटली. फौजेच्या इस्पितळात त्यानं पाच-सात वर्षं जखमा धुतल्या होत्या. सुटून गावी आला तर जत तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात क्षयाच्या रोग्यांचं काम निघालेलं. सायकल मिळाली, खाकी पिशवी मिळाली, पिशवीत रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या मिळाल्या. वस्त्यांवर जायचं, खोकणाऱ्याला गोळ्या द्यायच्या आणि त्याचा बेडका बाटलीत घेऊन यायचं. बेडका म्हटल्यावरच ज्याला मळमळतं त्यानं आत्ताच उठावं, कारण पुढं सगळा तोच कारभार आहे.

आणि गंमत बघा, या आकारामलाच थुंकीची भारी किळस. घरी आला की राखेनं हात घासघासून लाल करायचा. बायकोनं दह्याची वाटी पुढं केली की तोंड फिरवायचा. दही गेलं, भेंडी गेली, अंड्याचा बलकसुद्धा त्याच्या आयुष्यातून गेला. त्याचा आज्जा सांगायचा, एके काळी आपल्या माणसांना थुंकायसाठी गळ्यात मडकं बांधून हिंडावं लागायचं. छप्पन सालानंतर घरात बुद्धाची तसबीर लागली आणि ती गोष्ट सांगणंही बंद झालं. आता नातूच गावाची थुंकी पिशवीत घेऊन हिंडतोय हे बघून म्हातारा हसला असता की रडला असता, कुणास ठाऊक.

सदुसष्टचा उन्हाळा होता. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. सकाळी दवाखान्यात डॉक्टर उन्हाच्या आधीच तापून बसले होते.

"धुळाच्या या नव्या गोळ्या मी कुणाकुणाचे पाय धरून आणल्यात, ठाऊक आहे ना? जुनं औषध त्याला लागू पडायचं बंद झालंय. आता हेही वाया गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. पोरगा जाणार. आज तुझ्यासमोर गिळायला लाव. जीभ वर करून बघ. आणि बेडका घेऊनच ये."

धुळा म्हणजे माळावरच्या धनगरवस्तीतला धोंडुबाईचा धाकटा. थोरला हिंदुराव आणि त्याची बायको येसूबाई, दोघंही वर्षाच्या आत क्षयानं गेली होती. आणि ती का गेली हे आकारामला चांगलं माहीत होतं. पहिल्यांदा दवाखान्यात नाव लागलं ते एकट्या हिंदुरावचं. खोकत होती तिघंही, पण सुनेला क्षय आहे असं भावकीत कळलं असतं तर तिला माहेरी हाकललं असतं, आणि धुळाला कुणी पोरगी दिली नसती. मग म्हातारीनं काय करावं? घरात भाकरी मोडतात तशा तिनं हिंदुरावच्या गोळ्या मोडल्या. एकाचं औषध तिघांत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही! तिघांनाही चार दिवस बरं वाटलं आणि मग तिघंही दुप्पट जोरानं खोकायला लागली. डॉक्टरांनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. ते म्हणाले होते, "रोगाला थोडंथोडं औषध चाटवलं की तो मरत नाही आकाराम, निबर होतो."

आकाराम वस्तीवर पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. मेंढरं लांब चाऱ्याला गेलेली. मागं नुसता लेंड्यांचा आणि लोकरीचा वास उरलेला, आणि त्या वासात मिसळलेला दुसराही एक, गोडसर, नासल्या दुधासारखा. तो वास आकारामला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

बाभळीच्या विरळ सावलीत घोंगड्यावर धुळा पडला होता. गजी ढोलावर हा पोरगा नाचायला लागला की बाया भाकऱ्या टाकून बघायला यायच्या. आता बरगड्या मोजून घ्याव्यात असा झालेला. तरी आकारामला बघून हसला.

"आलं बगा थुकीचं गिऱ्हाईक. किती पाह्यजे? आज ताजा माल हाय."

"गप, भाड्या," आकाराम म्हणाला. पोरावर त्याचा जीव होता.

धुळा खोकला. त्याचा खोकला कुणालाही ओळखू यावा असा होता. दोनदा कोरडा ठसका, आणि मागून बारीकसा 'हूं', चुकलं-माकलं म्हणावं तसा.

धोंडुबाईनं आकारामच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तांब्या काही तिनं हातात दिला नाही. आकारामनं मनात शिवी हासडली. तुझ्या लेकाचा बेडका मी उचलायचा आणि तुझ्या तांब्याला मात्र मी शिवायचं नाही, वा गं बाई वा!

"मावशी, गोळ्या आणा. आज माज्या म्होरं द्यायच्या."

म्हातारी जराशी घुटमळली. मग गोळ्यांची बाटली घेऊन आली. दुपारच्या तीन गोळ्या होत्या, पिवळ्या, आणि त्यांना सडक्या अंड्यासारखी घाण. तिनं जर्मनच्या तीन ताटल्या मांडल्या, एकेका ताटलीत एकेक गोळी ठेवली. एक धुळापुढं सरकवली आणि उरलेल्या दोन घेऊन घराकडं वळली.

"आवं, कुटं निगाला?"

"त्यास्नी देऊन येतो."

"कुणास्नी?"

म्हातारीनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यालाच काही कळत नाही. "थोरल्याला आन् येसूला."

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हे असं होतं! डॉक्टर पाय धरून औषध आणतात, आपण उन्हातान्हात सायकल मारतो आणि ही म्हातारी मेलेल्यांना नैवेद्य दाखवते. तो ताडकन उठला, पण तोवर ती ताटल्या आत ठेवून बाहेर आलीही होती आणि उंबऱ्यात पाय पसरून बसली होती.

"मावशी, डोकं फिरलंय काय तुमचं? मेलेल्याला कसलं औषध?"

"पुरती मरू दिली कुटं मी त्यास्नी?" ती शांतपणे म्हणाली. "रोज तोंडात वाटा पडलाय. जेवडा वाटा दिला तेवडी जित्ती हायती."

तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

जाड, तळापासून खरवडून काढल्यासारखा खोकला. त्याच्या मागोमाग दुसरा, बारीक, पदराचा बोळा तोंडात कोंबून दाबलेला. आकारामनं या दोन खोकल्यांच्या किती बाटल्या भरून नेल्या होत्या. माळावर पांढरंफटक ऊन होतं, आणि त्या उन्हात त्याच्या पाठीवर सर्रकन काटा आला.

"धुळा... आत कोन हाय रं?"

"दादा आन् वैनी," धुळा डोळे न उघडता म्हणाला. "असू द्या. त्यास्नीबी लय तरास हाय..."

भीती वाटली म्हणून माणूस नेहमी पळतोच असं नाही. कधी कधी त्याला रागच जास्त येतो. आकारामनं म्हातारीला ओलांडलं आणि तो आत घुसला.

उन्हातून आल्यावर काही दिसेना. आधी वास आला. त्यानं स्वतः ओतलेल्या फिनेलचा, आणि फिनेलला पुरून उरलेला तो नासका गोड वास, इतका दाट की जिभेवर त्याची साय बसली. मग डोळे सरावले. भिंतीकडेला दोन गोधड्या पसरलेल्या. कुणी नाही. दोन्ही उशांशी राख घातलेले थुंकायचे दोन डबे. मयतीनंतर त्या दोघांचे डबे त्यानं स्वतः जाळून पुरले होते. हे नवे होते, आणि भरलेले होते. हिरवट, तांबूस, चिकट लगदा अगदी काठापर्यंत आलेला, वर फेस. बघता बघता फेसातला एक बुडबुडा फुटला.

ताटल्या गोधड्यांवर होत्या. त्यातल्या गोळ्या ओल्या झाल्या होत्या. पिवळा रंग सुटून ताटलीत पसरला होता आणि त्याच्यावरून काहीतरी फिरत होतं, दिसत नव्हतं, पण रंग पुसला जात होता. चाटल्याचा आवाज येत होता. लपक, लपक, मध्येच धाप लागून थांबायचं, पुन्हा लपक...

आकारामनं झडप घालून दोन्ही गोळ्या उचलल्या. बोटांना गार लाळ लागली. ताटलीपासून बोटापर्यंत तिची तार लांबत गेली, तुटेचना. तो बाहेर आला तो थेट बाभळीच्या बुंध्याशी जाऊन ओकला. सकाळची भाकरी गेली, पाणी गेलं, नुसतं पित्त पडलं. मूठ मात्र त्यानं सोडली नाही.

बाटलीत हिशोबाच्या गोळ्या होत्या. एक वाया गेली तर एका दिवसाचं औषध अपुरं, आणि अपुरं औषध म्हणजे काय हे आत्ताच आतल्या अंधारात बघून झालं होतं. धुवाव्यात तर गोळ्या विरघळून जाणार. त्यानं त्या पँटीला पुसल्या, जेवढ्या पुसल्या गेल्या तेवढ्या.

"मावशी, नीट ऐका. तिगांत वाटलं म्हनून दोगं गेली. आता ह्यो एकटा उरलाय. ह्यालाबी वाटून घालवायचाय का?"

म्हातारीनं धुळाकडं बघितलं. मग आत, दाराच्या काळोखाकडं बघितलं. आत खोकला पुन्हा उठला होता आणि त्यात रडणं मिसळलं होतं.

"मी आई हाय रं बाबा. एकाच्या तोंडातलं काडून दुसऱ्याला कसं घालू?"

"मग ह्याला पुरा आजच. चला, कुदळ घेतो मी."

ते शब्द तिला लागले. शेवटी पदरानं नाक पुसून ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "लेकरांनो, आजपास्नं हितं वाटा न्हाई. तुमचा वाटा धाकल्याच्या पोटात घातलाय. तितं जाऊन घ्या. भांडू नगा."

म्हातारीचं मन राहावं म्हणून आकाराम गप्प बसला. त्याला वाटलं, बोलू दे, बोलल्यानं काय होतंय?

त्यानं धुळाचं डोकं मांडीवर घेतलं. "डोळे मिट आन् गीळ."

"वास येतोय... ओली हाय..."

"गीळ म्हन्तो न्हवं!"

एक गेली. दुसरी गेली. तिसरीला धुळाला उमासा आला, तोंडात आलेलं आकारामनं हातानं दाबून परत आत लोटलं. मग पाणी. मग जीभ वर करायला लावून, गालफडात बोट घालून बघितलं. काही नव्हतं. तिन्ही खाली गेल्या होत्या.

घरात एकदम सामसूम झाली. खोकला नाही, रडणं नाही. आकारामनं कान देऊन ऐकलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो गड्या! आता रोज यायचं, रोज असंच गिळायला लावायचं. पोरगा वाचतोय. त्यानं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि धुळाच्या तोंडाशी धरली.

"हां, काड आता ताजा माल."

धुळा खोकला.

जाड, तळापासून खरवडून काढल्यासारखा. बाटलीच्या काठावर हिरवा गोळा पडला. मग त्याच ओठांतून दुसरा खोकला आला, बारीक, दाबलेला, बाईमाणसाचा. धुळाचा हात वर गेला आणि पदर नसलेल्या खांद्यावर पदर शोधायला लागला. त्याचे डोळे उघडे होते. त्यांनी आकारामकडं बघितलं, पण ओळखीचं कुणी त्यांत नव्हतं.

बाटली आकारामच्या हातातून निसटली. धोंडुबाई मात्र पुढं सरकली, तिनं त्या छातीवर हात ठेवला आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"आली माजी लेकरं... आली रं बाबा... बग, लागू पडलं औशद..."

आणि तेव्हा घरातून, त्या रिकाम्या काळोखातून आवाज आला. दोनदा कोरडा ठसका. मागून बारीकसा 'हूं'.

"आये..." आतून धुळा म्हणाला. "आन् माजा वाटा?"

म्हातारीनं एकदा घोंगड्यावरच्या देहाकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग गोळ्यांच्या बाटलीतून उद्याच्यातली एक काढून तिनं ताटलीत ठेवली, आणि उंबऱ्याकडं निघाली.