काळ्या फ्रेमवरची लाल रेघ

"ढकल, ढकल! आली! अरे, गेली की परत!"

उचगावच्या नेमगोंडामामांच्या अंगणात तीन डोकी एका सायकलीवर वाकली होती. खरं तर ती अजून सायकल झालीच नव्हती. चाकं भिंतीला टेकली होती, हँडल खाटेवर लोळत होतं, आणि पत्र्याच्या दोन डब्यांवर आडवी पहुडली होती ती काळीभोर, चकचकीत कार्बनची फ्रेम! गिअरची तार तिच्या पोटातून जाऊन मागच्या चाकापाशी बाहेर यायला हवी होती. पण सकाळपासून तार आत शिरायची आणि आतच हरवायची.

"फ्रेम हाय का अजगर?" शेजारचा पृथ्वीराज घाम पुसत म्हणाला. "नुसती गिळतीया!"

"तू गप रे! नीट धर," मामांचा मुलगा अनेकांत खेकसला. सायकल त्याची होती, म्हणून खेकसायचा हक्कही त्याचाच.

"सरका बघू दोघंबी," आदिती म्हणाली आणि तिनं पिशवीतून चुंबक काढलं. आदिती हुपरीची. मे महिन्याच्या सुटीत ती मामाकडे आली होती. तिच्या घरी चांदीचे पैंजण बनत, आणि चांदीच्या चुऱ्यात मिसळलेला लोखंडाचा कीस वेचायला तिचे बाबा हेच चुंबक वापरायचे. तिनं ते नळीवर बाहेरून ठेवलं आणि हळूहळू मागे सरकवलं. कार्बनला चुंबकाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण आतली पोलादी तार मात्र त्याच्या मागोमाग निघाली. आणि भोकातून तिचं टोक टुणकन बाहेर आलं!

"आली! आली!" पृथ्वीराजनं उडी मारली.

नेमका तेव्हाच मामांचा दुधाचा टेंपो दारात थांबला. तार बघून मामा खूश झाले. "शाब्बास रं माझ्या वाघा! जमवलंस की!" त्यांनी पाठीवर थाप दिली. कुणाच्या? अनेकांतच्या! आणि हा पठ्ठ्या हसला, पण चुंबकाबद्दल चकार शब्द बोलला नाही.

आदितीचा चांगलाच भडका उडाला.

आता खरं सांगायला हवं. आदिती जळत होती, आणि आजच नाही, आल्या दिवसापासून जळत होती. अनेकांतनं वर्षभर एकेक भाग जमवून ही सायकल उभी करत आणली होती. चाकं एका कॉलेजवाल्याची, हँडल जुन्या बाजारातलं, ब्रेक मावसभावाचे. फक्त फ्रेम नवी कोरी, मामांनी शाहूपुरीतल्या अमरसिंहच्या दुकानातून निम्म्या किमतीत आणलेली. आणि आदितीकडे काय होतं? आईची जुनी, पुढे टोपली लावलेली, करकरणारी सायकल. त्याच सायकलवर तिनं दिवाळीत अनेकांतला हुपरीच्या चढावर मागे टाकलं होतं! पण नव्या सायकलीचं नाव काढलं, की बाबा म्हणत, "दहावी होऊ दे." तिला अनेकांतची सायकल आवडत नव्हती असं नाही. ती इतकी आवडली होती, की बघवत नव्हती.

दुपारी अनेकांत हँडलला टेप गुंडाळत बसला. आदिती शेजारी बसून फ्रेमवर नाण्यानं उगाच वाजवत होती. टण, टण, टण... थप.

तिचा हात थांबला. तिनं पुन्हा वाजवलं. टण, टण... आणि हँडलच्या खाली, जिथं दोन नळ्या जुळतात, तिथं पुन्हा थप!

हुपरीत सुटीतली पोरं घरोघर एक काम करतात. पैंजणाला लावायची घुंगरं कानाशी हलवून बघायची. वाजलं ते सुपात, आणि जे नीट वाजत नाही ते मुकं, म्हणजे आत कुठंतरी चीर. ते बाजूला. आदितीनं लहानपणापासून अशी किती घुंगरं निवडली असतील, तिलाच ठाऊक.

"अन्या, हितं नळी मुकी हाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे आत काहीतरी तुटलंय. ऐक."

"नवी कोरी फ्रेम आन् तुटलीया?" अनेकांत हसला. "घुंगरू हाय व्हय ते?"

मामांनी दुकानात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "अहो नेमगोंडाभाऊ," पलीकडून अमरसिंहचा भरदार आवाज आला, "तिथं कार्बनचे थर जास्त असत्यात, म्हणून आवाज जड येतो. निवांत ऱ्हावा! हत्ती बसला तरी मोडायची न्हाई!"

"ऐकलंस?" मामा म्हणाले. "लई चांगला माणूस हाय त्यो."

"तू जळतीयास, आदे!" अनेकांत म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

आदितीनं नाणं खिशात टाकलं. ते तर खरंच होतं! जळणाऱ्या माणसाच्या कानावर कोण भरवसा ठेवणार? तिचा तिलाच राहिला नाही. आवाज खरंच मुका होता, की तिला तो तसा हवा होता?

'मोडू दे!' संध्याकाळी तिच्या मनात आलं. 'चांगली मोडू दे. मग कळेल.' पण लगेच तिला ज्योतिबाचा घाट आठवला. रविवारी तिथं सायकलवाल्यांचा मेळावा होता, आणि अनेकांत त्याच्या या सायकलीवरून तो अख्खा घाट उतरणार होता. ती वळणं, ते कठडे, खाली ती दरी! आपण हे काय मनात आणलं! रात्री ती अर्ध्या जेवणावरून उठली.

शनिवारी सायकल उभी राहिली. अशी देखणी, की रस्त्यानं जाणारेसुद्धा थबकून बघायचे. कोणतंही नवं वाहन पूजेशिवाय दाराबाहेर काढायचं नाही, ही मामींची रीत. चाकाखाली लिंबू आलं, नारळ आला, आणि मामींनी कुंकू ओलं करून हँडलच्या खाली ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"आई, रंग खराब हुईल की!" नारळ फुटल्या फुटल्या अनेकांत ओरडला आणि ओलं फडकं घेऊन पुसायला धावला.

स्वस्तिक पुसलं गेलं. फ्रेम पुन्हा काळीभोर झाली. फक्त एका ठिकाणी केसाएवढी बारीक लाल रेघ तशीच राहिली. स्वस्तिकाच्या रेघा सरळ होत्या. ही वाकडीतिकडी, नळीला वळसा घालून गेलेली. अनेकांत तोवर चाकं पुसायला लागला होता. त्याला काही दिसलं नव्हतं.

आदितीला दिसलं होतं.

बोललं, तर पुन्हा 'जळकी'. नाही बोललं, तर? ती क्षणभर, चांगला मोठा क्षणभर, गप्प उभी राहिली. मग तिनं पृथ्वीराजचा शर्ट ओढला. "हे पूस बघू."

पृथ्वीराजनं अंगठ्यानं घासलं, थुंकी लावून घासलं, शेवटी नख फिरवलं. "आयला! नख अडकतंय की! कुंकू आत गेलंय!"

"अन्या," आदिती म्हणाली, "हिकडं ये. भांडू नगंस. नुसतं बघ."

अनेकांतनं बघितलं. मग खिशातून नाणं काढून वाजवलं. टण, टण, थप. या वेळी त्याला ऐकू आलं. तो पायरीवर मटकन बसला.

"उद्या मी घाट उतरणार हुतो," तो हळूच म्हणाला. "आदे, तू गप बसली असतीस तर?"

"बसणारच हुते," आदिती म्हणाली. तिचे कान लाल झाले. "थोडा वेळ."

अनेकांतनं सरकून तिला पायरीवर जागा करून दिली.

मामांनी पुन्हा फोन लावला. अमरसिंह या वेळी गुरकावला. "वरचा ओरखडा हाय त्यो! पोरासोरांचं ऐकून माझ्या दुकानाची बदनामी करताय व्हय? विकलेला माल मी परत घेत न्हाई!" मामांनी डोकं खाजवलं. "उद्याच्या मेळाव्यात बक्षिसं त्योच देणार हाय. असा माणूस खोटं बोलंल? अन्या, उतारावर जरा ब्रेक धरून चालव, झालं!"

घ्या! झालं म्हणे! मोठी माणसं एकदा एखाद्याला चांगला म्हणाली, की देवानं येऊन सांगितलं तरी ऐकायची नाहीत.

"पृथ्वी," आदितीनं विचारलं, "तुझा काका लग्नात फेटं बांधतो न्हवं?"

"व्हय. का गं?"

"उद्या एक फेटा पायजे. मला हत्तीचा सत्कार करायचाय."

रविवारी सकाळी मामांच्या टेंपोतून सायकल ज्योतिबाच्या डोंगरावर पोचली. रंगीबेरंगी कपड्यांतले सायकलवाले जमले होते. मेळाव्याच्या प्रमुख स्वप्नालीताई माइकवर सूचना देत होत्या. आणि दुकानाच्या नावाचा टी-शर्ट पोटावर ताणून अमरसिंह सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता.

आदिती फेटा घेऊन स्वप्नालीताईंपुढे गेली. "ताई, आमच्याकडनं काकांचा छोटा सत्कार. करू का?"

कोल्हापुरात फेटा घेऊन कुणी पुढे आलं, तर नको म्हणायची रीत नाही. अमरसिंहनं हसत डोकं पुढे केलं. पृथ्वीराजच्या काकांनी झोकात फेटा बांधला. टाळ्या पडल्या. मामाही जोरात टाळ्या वाजवत होते. आदितीनं माइक घेतला.

"अमरसिंहकाकांच्या दुकानातल्या फ्रेमवर माझ्या भावानं सायकल बांधलीया. आज तिची पहिली उतरण. अशा मंगल कार्याला मोठ्या माणसाचा पाय लागावा, म्हणून पहिली उतरण काकांनी करावी, ही सगळ्यांच्या वतीनं विनंती!"

"वा! वा!" शिट्ट्या सुरू झाल्या. अनेकांत सायकल घेऊन पुढे आला. अमरसिंहनं फ्रेम ओळखली, आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"न्हाई, म्हंजे, माझा गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

"उतार हाय काका! पायडल मारायलाच लागत न्हाई!" पृथ्वीराज ओरडला.

"हेल्मेट न्हाई माझ्याकडं."

"हे घ्या!" अनेकांतनं स्वतःचं पुढे केलं.

"फेट्यावर हेल्मेट कसं घालू रं?"

"फेटा मी धरतो की!"

लोक खो खो हसायला लागले. "बसा की हो! बसा!" सगळीकडून गलका झाला. अमरसिंहनं फ्रेमच्या त्या सांध्याकडे एकदा बघितलं, मग समोरच्या पहिल्या वळणाकडे बघितलं.

"काका," आदिती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं न्हवं, हत्ती बसला तरी मोडायची न्हाई?"

"आगं, पण मोडंल की ती!" अमरसिंह किंचाळला. "उतारावर मानंतनंच सुटंल! मरायचंय व्हय मला?"

माइक आदितीच्या हातातच होता. प्रत्येक शब्द अख्ख्या डोंगराला ऐकू गेला.

हसणं थांबलं. टाळ्या वाजवणारे मामांचे हात तसेच राहिले. ते पुढे आले. त्यांचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता.

"अमरसिंह, माझं पोरगं बसणार हुतं रं तिच्यावर."

अमरसिंहनं मान खाली घातली. फेटा त्यानं स्वतःच उतरवला. स्वप्नालीताईंनी किल्लीनं रंग खरवडला, तर खाली भेगा बुजवायची लांबी भरलेली आणि तिच्यामधून गेलेली लांब चीर! कुणाची तरी अपघातात तडकलेली ती फ्रेम. अमरसिंहनं चीर बुजवून, वर काळा रंग मारून ती नवी म्हणून खपवली होती. "चूक झाली," तो पुटपुटला. "पोरगं हळू चालवंल असं वाटलं."

"बक्षिसं आज मी देईन," स्वप्नालीताई म्हणाल्या. "आणि तुमच्या दुकानातली प्रत्येक फ्रेम उद्या आम्ही तपासणार. काय नाव गं तुझं? आदिती? तू ये आमच्याबरोबर. असा कान आमच्यात कुणाला नाही."

मामांनी आदितीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू आधीच सांगितलंतंस. म्या ऐकलं न्हाई." आणि ती तार कुणी बाहेर काढली होती, हेही अनेकांतनं तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगून टाकलं. पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं आदितीला.

अमरसिंहनं दुसरी फ्रेम मुकाट्यानं दिली. ती आदितीनं वाजवून निवडली. पहिल्या दोन तिनं नाकारल्या, तेव्हा अमरसिंहचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! अंगणात पुन्हा डबे मांडले गेले, पुन्हा चुंबक निघालं, मामींनी पुन्हा स्वस्तिक काढलं. या वेळी पुसल्यावर काही उरलं नाही.

"पहिली फेरी तुझी," अनेकांत म्हणाला.

"खरंच?"

"बस की! नायतर माझा इचार बदलंल."

आदिती बसली आणि निघाली. सायकल कसली, वाराच तो! ओढ्यापर्यंत ती कधी पोचली ते तिलाच कळलं नाही. करकर नाही, खडखड नाही! वळून ती दारापाशी परत आली. अनेकांत दारात टाचा उंचावून उभा होता. ओठ आवळलेले, डोळे सायकलीवर खिळलेले. पृथ्वीराज त्याच्याशी काहीतरी बोलत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

तो चेहरा आदितीला अगदी ओळखीचा होता. सुटीभर तोच चेहरा घेऊन ती त्या अंगणात वावरली होती. किती टोचतं आत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला त्याची दया आली. आता उतरायचं आणि सायकल त्याच्या हातात द्यायची, असं तिनं मनापासून ठरवलं.

आणि मग ओढ्यापर्यंतची अजून एक फेरी मारूनच ती उतरली.