देवश्रीचा दुसरा आवाज

उटनूर रस्त्यावरच्या कापसाच्या त्या बंद जिनिंग गिरणीत आम्ही गेलो, ते फक्त जागा मोकळी होती म्हणून. आदिलाबादेत आमच्या बँडला कोणी खोली देत नव्हतं. जीवनचे ड्रम सुरू झाले की शेजारच्यांच्या फळीवरची भांडी हलायची. बँडचं नाव बोंडअळी. प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवायचो. लांबलचक गाणी, सात मात्रांच्या तालात चालता चालता मधेच अकरा मात्रांवर उडी. गिटार आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. गळा देवश्रीचा.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं राहिलं होतं, तेव्हा त्याच गळ्यात गाठ निघाली. हैदराबादच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. सोमवारी दाखल व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही माइक लावला.

"आराम कर ना थोडा," मी म्हटलं.

"सोमवारनंतर आरामच हाये, गंधार. लाव तू."

बाहेर ऊन रणरणत होतं. आत मात्र अंधारलेलं. तुळयांवरून जुन्या कापसाची जळमटं लोंबत होती, कुजलेल्या सरकीचा खवट वास नाकात बसत होता, आणि वरचे पत्रे तापून मधूनच कडकन वाजत होते.

ती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. खोकत ती खाली बसली.

माझ्या हेडफोनमध्ये मात्र ती ओळ पूर्ण झाली.

घुमला असेल आवाज, असं मी स्वतःला सांगितलं. पण घुमणारा आवाज न गायलेले शब्द कसा गाईल? जीवनला ऐकवलं. त्याने वायरी तपासल्या, गिरणीच्या जुन्या यंत्रांच्या मागे जाऊन पाहिलं. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"सामान बांध," तो हळूच म्हणाला. "मागच्या धुळीत पावलं उठलेली नाहीत कोणाची… पण कोणीतरी हाये."

देवश्रीने हेडफोन ओढून घेतला. डोळे मिटून ऐकत राहिली.

"काऊन घाबरून राह्यले तुमी?" तिचा आवाज कापत होता. "हा माझाच आवाज हाये. गाठ व्हायच्या आधीचा… अजून एकदा लाव."

हेडफोन परत घेऊन मी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं, ती गायली. मग पुन्हा. दर वेळी तिचा आवाज खाली जात होता आणि तो दुसरा वर येत होता, स्वच्छ, भरदार. शेवटच्या वेळी मी मान वर करून पाहिलं. देवश्रीचे ओठ मिटलेले होते. कानात गाणं चालूच होतं.

रेकॉर्डिंग बंद करायला माझा हात बटणाकडे गेला. तिने मनगट घट्ट धरलं.

"राहू दे…" शब्द जेमतेम फुटले. "या गळ्यातून तर जाऊनच राह्यला तो आवाज. कुठं तरी राहील…"

ते तिचे शेवटचे शब्द. रविवारी तिच्या गळ्यातून हुंकारही निघेना.

ऑपरेशन पार पडलं. ती वाचली. अल्बम आला, आणि कुठल्या कुठल्या गावचे लोक त्या शेवटच्या गाण्याबद्दल लिहू लागले. ते दाखवायला मी तिच्या घरी गेलो. ती खिडकीशी बसली होती. मानेवरच्या छिद्रावर पांढरं कापड, त्यातून श्वास वाजत होता. माझ्या मोबाइलवर वाचता वाचता ती कितीतरी दिवसांनी हसली.

तिची आई, रेणुकाबाई, चहा घेऊन आल्या. चेहरा रडून सुजलेला, पण उजळलेला.

"डॉक्टरले काय समजते रे गंधार? म्हणे आवाज गेला. सकाळपासून मागच्या खोलीत गाऊन राह्यली माझी पोरगी. मी दाराशी उभी राहून ऐकलं. मुद्दाम आत गेली नाही, थांबेल म्हणून."

मी देवश्रीकडे पाहिलं. तिचं हसू विरलं. तिने सावकाश मान हलवली. नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीत कोणीतरी गायला लागलं.

आवाज तोच, देवश्रीचा. चाल अनोळखी होती. आमच्या अल्बममधलं ते गाणं नव्हतं. असं गाणं आम्ही अजून बांधलेलंही नव्हतं.

रेणुकाबाई हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या. लेक समोर बसलेली आहे, हे त्यांना दिसतच नव्हतं. देवश्रीने माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि तो त्या अर्धवट उघड्या दाराकडे धरला.