मागच्या फळीवरचं ओझं

खरं सांगतोय. पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. माझ्या मोठ्या मामाने बोटीवरचे पाहुणे सोडले तर आयुष्यात कोणाला थाप मारलेली नाही. आणि हे त्यानेच मला सांगितलंय.

रात्रबित्र काही नव्हती हं. लख्ख दुपार होती.

मामा लोकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. तोंडाची टकळी अखंड चालू. एखाद्याने शेपटी आपटली की, "बघा, टाटा करतोय!" डोकं वर काढून पाण्यात उभा राहिला की, "तिकिटं मोजतोय!" एक खरी गोष्टही तो रोज सांगायचा. कळपातलं कोणी आजारी पडलं, तर बाकीचे त्याला खालून उचलून पाण्याच्या वर धरतात. श्वास घेता यावा म्हणून.

त्या दुपारी पाच-सहा डॉल्फिन एका जागी गोल करून होते. मध्ये काहीतरी निळं वर-खाली होत होतं.

"मध्ये काय आहे हो?" एका बाईंनी विचारलं.

"पोतं असेल. खेळतायत."

पुढच्या फेरीची माणसं धक्क्यावर ताटकळली होती. मामाने बोट वळवली. मागे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी धाकटा मामा घरी आला नाही. सकाळी एकटाच छोटी होडी घेऊन जाळं काढायला गेला होता. होडी उलटी सापडली. दुसऱ्या दिवशी तोही सापडला...

निळ्या शर्टात.

धाकट्या मामीसमोर मोठ्या मामाने ब्र काढला नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "कोणालाच कसा दिसला नाही हो तो?" मामा हातातला घास टाकून उठायचा.

पुढे त्याने पुन्हा बोट काढली. तीच जागा. डॉल्फिन तसेच गोल करून.

मध्ये काहीच नव्हतं.

तरी ते खालून काहीतरी उचलून धरत होते. मधलं पाणी दबलेलं होतं.

फुस्स... फुस्स... डॉल्फिनचे श्वास. मामाच्या ओळखीचे. आणि मग...

खोकला.

धाकट्या मामाचा. सिगारेटी ओढून घोगरा झालेला.

बोटीतल्या कोणालाच तो ऐकू आला नाही. मामाला मात्र रोज यायला लागला. त्याची टकळी बंद पडली.

एके दिवशी मामीच येऊन बोटीत बसली. "भावोजी, मला न्या तिकडे." नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

कळप होताच. फुस्स... फुस्स... खोकला.

मामीने मामाचा दंड घट्ट धरला. "हे तुम्ही आधी ऐकलंय?"

मामा कोसळलाच. "पोरी, मी पाहिला होता गं त्याला. पोतं म्हणालो. मनात आलं होतं माझ्या, रोज मीच तर सांगतो... पण धक्क्यावर माणसं थांबली होती. मी वळवली बोट."

"जिवंत होता?"

"काय माहीत. मी थांबलोच नाही."

मामी रडली नाही. "आता थांबा," म्हणाली. "जवळ घ्या बोट."

मामाने इंजिन बंद केलं. बोट सरकत गेली. एकेक डॉल्फिन डोकं काढून पाण्यात उभा राहिला... सगळे मामाकडे बघत. तिकिटं मोजत नव्हते ते.

आणि बोट मागून खचली.

पाण्यातून कोणी काठ धरून वर चढलं की खचते, तशी. मागच्या फळीवर टप... टप... पाणी निथळायला लागलं.

डॉल्फिन एकदम बुडाले. त्या जागी पुन्हा कधी दिसले नाहीत.

मामी मागे वळून बघत होती. बराच वेळ. तिला काय दिसलं, ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

बोट अजून मागून खचलेलीच असते. धक्क्यावर रिकामी बांधलेली असली तरी. सुताराने उलटी करून पाहिली, तळ नवा ठोकला, उपयोग शून्य. मी डोळ्यांनी पाहिलंय. मी त्या बोटीत पाय ठेवत नाही.

मामा रोज चालवतो. मागची फळी मोकळी सोडतो. मधूनच पुढे बघत पुटपुटतो, "चुकलो रे."

मागून खोकला येतो...

मामाने अजून एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही.