टिटवीचा निरोप

टिटवी गप्प होऊन वर्ष झालं होतं, आणि मृणाल कानविंदेला रोज कोणीतरी विचारायचंच, "काय म्हणते तुमची टिटवी?" नेपच्यूनपाशी एकट्याने फिरणाऱ्या त्या मानवरहित यानाची कृत्रिम बुद्धी मृणालनेच घडवली होती.

आज दुपारी यानांचे संदेश झेलणारी माळावरची मोठी थाळी मंगळाकडे वळणार होती. तिथे दुसरं यान उतरायचं होतं. टिटवीची मोहीम आजच बंद.

"यान मेलं, हे मान्य कर आता," केंद्रप्रमुख डॉ. टेंबे मायेने म्हणाले.

"सर, तिचा वीजघट अशक्त. एक संदेश पाठवला की महिनाभर उपास. म्हणून मीच नियम घातला, बाकी सगळ्या आज्ञांच्या वरचा. पुढे काय घडेल, आपण काय सांगू, याचा आधी अंदाज बांधायचा. खरा ठरला तर गप्प बसायचं, चुकला तरच बोलायचं."

"म्हणजे ती ठीक असेल म्हणून गप्प?"

"किंवा मेली म्हणून. इथून दोन्ही सारखंच दिसतं."

"मग दचकव की तिला!"

"वर्षभर तेच करतेय. उलटसुलट आज्ञा दिल्या, गाणी पाठवली, शिव्यासुद्धा घातल्या. मी रोज काहीतरी खटपट करणार, हे तिला पाठ झालंय."

टेंबे हसले नाहीत. "निद्रादेश पाठव, मृणाल."

निद्रादेश म्हणजे शेवटची आज्ञा. ती पोचताच यानाचे कान कायमचे बंद. मृणालने डोळे पुसले, लिहिलं, "थकले गं. झोप आता," आणि कळ दाबली. सकाळचे आठ वाजले होते. पोचायला चार तास लागणार होते, तिथून काही यायचं तर आणखी चार.

चहाचा कप तोंडाशी नेताना तिचा हात थांबला. आपण हार मानू, हा अंदाज टिटवीने कधीच बांधला नसणार.

ती धावतच टेंबेंकडे गेली. "सर, जिवंत असेल तर आता ती बोलेल! नियम वरचा, आधी बोलेल, मग झोपेल. चारच्या सुमाराला थाळी द्या मला, पाया पडते!"

"अगं, ऐन उतरताना थाळी हलवली तर ते यान हातचं जाईल. तुझा आदेश मागे घे ना."

"मागून पाठवलेला शब्द मागेच राहणार, सर. पहिला वाटेत थांबतोय थोडाच?"

टेंबेंनी मान खाली घातली. मग म्हणाले, "विद्यार्थ्यांची छोटी थाळी घे."

छोट्या थाळीला शब्द कळत नाहीत, कोणी बोलतंय एवढंच कळतं, हे दोघांनाही माहीत होतं.

चार वाजून गेले. पलीकडच्या दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. मृणालसमोर छोट्या थाळीच्या पडद्यावरची सरळ रेघ किंचित वर आली, थरथरत राहिली, बराच वेळ राहिली. मग पुन्हा सपाट झाली.

टेंबे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत आले. "उतरलं! तुझं काय झालं?"

मृणालने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"जिवंत होती, सर."