डावी विंग

त्या रविवारी दुपारी वैजयंती मठकर एकाच वेळी एकतीस रंगमंचांवर गात होत्या आणि स्वतः सांगलीला आपल्या घरी मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणजे गात होत्या त्या एकतीस मुली. पण श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठून उचलायचा, पदर सावरताना मनगट किती कलवायचं, हे सगळं त्या मुलींच्या अंगात वैजयंतीबाईंचं होतं. नाटक एकच, 'संगीत रत्नकंकण'. कुडाळपासून गोंदियापर्यंत कुठेही तिकीट काढा, दुसऱ्या अंकात त्याच जागेवर तोच सूर लागायचा आणि तेवढ्याच टाळ्या पडायच्या.

हे ज्या शोधामुळे जमलं त्याला 'अंगवळण-रोपण' म्हणत. सायकल एकदा शिकली की कशी चालवायची ते आठवावं लागत नाही, पाय आपोआप फिरतात. हे ज्ञान शब्दांत नसतं. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, त्यातल्या पेशींच्या जोडण्यांत ते बसलेलं असतं. पुण्याच्या एका संस्थेने या जोडण्यांचा नकाशा काढण्याची रीत बसवली. कलावतीच्या डोक्यावर बारीक तारांची टोपी घालायची आणि तिचं काम तिला पुन्हा पुन्हा करायला लावायचं. त्यातून तयार होतो तो 'अंगवळणपट'. मग शिकणाऱ्या मुलीला तशीच टोपी घालून, हलक्या विद्युतस्पंदांनी, तीन आठवड्यांत त्याच जोडण्या तिच्या मेंदूत उमटवायच्या. मूळ कलावतीच्या आठवणी त्याबरोबर जात नाहीत. त्यांची जागा मेंदूत वेगळी असते. जाते ती फक्त सवय. संस्थेच्या जाहिरातीत हे वाक्य ठळक छापलेलं असायचं आणि ते अगदी खरं होतं.

एरवी असं गाणं गळ्यावर चढायला पंधरा वर्षं लागतात. मुलीने बाराव्या वर्षी सुरुवात केली तर ती तयार होते सत्ताविसाव्या वर्षी, आणि पस्तिशीला तिला नायिकेच्या आईची भूमिका देतात. उरली आठ वर्षं. या हिशेबावर नाटक कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हे रोपण. त्याच नाटकात नायकाचं काम करणारे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांना कुणी टोपी घातली नाही, कुणी दुसऱ्यासारखं व्हायलाही सांगितलं नाही.

वैजयंतीबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लग्न टिकलं नव्हतं, मूल नव्हतं. सहा वर्षांपूर्वी कणकवलीहून ईशानी कांदळगावकर नावाची तेरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे गाणं शिकायला आली आणि घरचीच झाली. ती त्यांना माई म्हणायची. तिचा आवाज चांगला होता, मेहनत तर विचारूच नका. पण कंपन्यांना मठकरांची शिष्या नको होती, मठकर हव्या होत्या. शेवटी कोल्हापूरच्या एका नव्या मंडळीने, रोपण करून घेण्याच्या अटीवर, तिला 'रत्नकंकण'ची नायिका ठरवलं. रोपणाला पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली. कायद्याप्रमाणे प्रत्येक रोपणाला मूळ कलावतीची सही लागे. ईशानीच्या कागदावर सही करायला वैजयंतीबाईंनी चांगलं पेन शोधून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी डॉ. शमीम तांबोळी न कळवता आल्या. तेरा वर्षांपूर्वी वैजयंतीबाईंचा अंगवळणपट याच बाईंनी काढला होता, तेव्हापासूनचा घरोबा. चहा होईपर्यंत त्या हवापाण्याचं बोलल्या. मग त्यांनी टेबलावर संगणकाचा पडदा उघडून एकतीस मुलींच्या एकतीस चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. दुसऱ्या अंकातलं पद, वरचा षड्ज लागण्याआधीचा क्षण. एकतीसही जणींचा डावा खांदा पडला, पाऊल अर्धं मागे गेलं, श्वास क्षणभर अडला आणि मग सूर फुटला.

या जागेला रसिकांत नाव होतं, 'मठकरी थबक'. तिच्यासाठी लोक परत परत तिकीट काढत. एका समीक्षकाने तिच्यात नायिकेची लज्जा पाहिली होती, दुसऱ्याने आत्म्याची तगमग. समीक्षकांना काहीही सापडतं.

डॉक्टर सांगू लागल्या की मुलींना हे आता नाटकाबाहेरही होतं आहे. नांदेडच्या निलांबरीची तीन वर्षांची मुलगी चित्र दाखवायला डाव्या बाजूने धावत आली, तर आईचा खांदा पडला, श्वास अडला आणि ती मागे सरली. असं चार-पाचदा झाल्यावर ती पोर आता न चुकता उजव्या बाजूने येते. दुसरी एक मुलगी डावीकडे कुणी बसलं तर बसमधून उतरते. आणि हे वाढत चाललं आहे.

"तुम्हाला होतं असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरात नाही होत. पद म्हणायला उभी राहिले की व्हायचं. आता गातच नाही."

"तुम्हाला घरात का होत नाही, सांगू? शरीर दचकलं की तुमची आठवण त्याला समजावते की ते होऊन गेलं, संपलं. त्या मुलींकडे आम्ही दचकणं पाठवलं, आठवण पाठवली नाही. समजावणारं कुणी नाही, म्हणून ते जागा मिळेल तिथे पसरतंय."

"मग काढून टाका की."

"काढायचं तर ते कशाने सुरू होतं ते कळायला हवं. म्हणून आले. वैजयंतीबाई, तुमच्या डाव्या बाजूला काय होतं?"

गॅसवर दूध आहे म्हणून वैजयंतीबाई उठल्या. गॅसवर काही नव्हतं. ओट्याला धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. एकोणचाळीस वर्षं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही की सख्ख्या बहिणीला नाही. आणि आता कुणाची तरी तीन वर्षांची पोर उजवीकडून फिरून येत होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या परत येऊन बसल्या आणि बोलल्या.

डाव्या विंगेत मालक उभे असत. नाट्यमंडळीचे मालक, सगळे त्यांना मालकच म्हणत. पद संपलं की नायिकेची एक्झिट डावीकडे होती, कारण उजवीकडे राजवाड्याचा देखावा लावलेला. विंगेत अंधार, आणि पुढच्या प्रवेशाला दीड मिनिट अवकाश. बाहेर टाळ्या चालू असत, त्यामुळे आतलं काही ऐकू जात नसे. चोविसाव्या वर्षापासून पस्तिसाव्या वर्षापर्यंत, प्रत्येक प्रयोगाला. एकदा त्यांनी दिग्दर्शकाला एक्झिट उजवीकडे घ्या म्हणून विनवलं. ते मालकांच्या कानावर गेलं आणि पुढचे तीन प्रयोग दुसऱ्या मुलीने केले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आता मालक वारले होते आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह होतं.

"मला ती भूमिका हवी होती," वैजयंतीबाई म्हणाल्या. "हे कुणाला सांगणार? लोक म्हणतील, हवी होती ना, मग झालं तर."

डॉक्टरांना अंगवळणपट काढतानाचे दिवस आठवत होते. संस्थेला हवं होतं ते सोपं होतं. बाईंनी खुर्चीत बसून तंबोऱ्यावर पद म्हणायचं. वैजयंतीबाई अडून बसल्या. नाटकातलं पद बसून म्हणत नसतात आणि एक्झिट घेतल्याशिवाय ते संपत नाही, हा त्यांच्या पिढीचा नेम. मग संस्थेच्या सभागृहात चौथरा बांधला, काळे पडदे सोडले, दोन्ही विंगा उभ्या केल्या. तारांची टोपी घालून एकसष्ट वर्षांच्या वैजयंतीबाई पंधरा दिवसांत चाळीस वेळा त्या डाव्या विंगेत गेल्या. मालकांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. खुर्चीत बसून गायल्या असत्या तर यातलं काहीच त्या नकाशात उतरलं नसतं. आणि आता पुन्हा नकाशा काढावा म्हटलं, तर त्यांचा आवाज उरला नव्हता.

जाताना डॉक्टरांनी प्रयत्न करते एवढंच म्हटलं.

तीन आठवड्यांनी त्यांनी वैजयंतीबाईंना आणि ईशानीला पुण्याला बोलावलं. निलांबरी आपण होऊन दुरुस्तीला तयार झाली होती. ती चौथऱ्यावर उभी राहिली आणि पद म्हणू लागली. ती जागा आली. खांदा पडला नाही, पाऊल हललं नाही. वरचा षड्ज सरळ, स्वच्छ लागला.

चांगला लागला. शाळेच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळेल इतका चांगला.

निलांबरीचा खांदा मोकळा झाला याचा वैजयंतीबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि आपल्याला गाणं फिकं वाटतंय याचीच त्यांना शरम वाटत होती. श्वास अडल्याशिवाय तो सूर तसा फुटत नव्हता, आणि श्वास अडवणारे कोण होते हे तिथे त्यांना आणि डॉक्टरांनाच ठाऊक होतं.

"म्हणजे माझं गाणं एवढंच होतं का हो?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही एकाच जोडणीत बसलंय," डॉक्टर म्हणाल्या. "एक काढलं की दुसरं जातं. मला वेगळं करता आलं नाही."

निलांबरी मात्र खुशीत होती. तिने दोघींना वाकून नमस्कार केला आणि मुलीला भेटायला नांदेडची गाडी पकडली. महिन्याभरात तिच्या कंपनीने तिच्या जागी उरलेल्या तीस जणींतलीच एक मुलगी घेतली, मूळ अंगवळणपटाची. त्या तीसही जणींना संस्थेने दुरुस्तीचं पत्र पाठवलं होतं. उत्तर एकीचंही आलं नाही.

पुण्याहून परतताना गाडीत वैजयंतीबाईंनी ईशानीला सगळं सांगितलं. कराड येईपर्यंत त्या बोलत होत्या. हे ऐकून पोरगी नको म्हणेल अशी त्यांची खात्री होती. दुरुस्त केलेलं घे, नाहीतर काहीच घेऊ नकोस, तुझ्या स्वतःच्या गळ्याने गा, मी आहे, असं त्या तिला परत परत सांगत होत्या.

ईशानी म्हणाली की तिला मूळचंच हवं. आपल्या गळ्याने गाऊन सहा वर्षांत तिला एकही भूमिका मिळाली नव्हती. दुरुस्त केलेल्या निलांबरीचं काय होणार तेही तिला दिसत होतं.

"मी सही करणार नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"का?"

"तुला हे व्हावं असं मला वाटत नाही, म्हणून."

"तुम्हाला निदान माहीत नव्हतं पुढे काय आहे. मला माहीत आहे, आणि तरी मी मागतेय." ईशानीचा आवाज चढला नव्हता. "भूमिका कुणाला मिळायची ते आता तुमच्या हातात आहे, माई. तेव्हा मालकांच्या हातात होतं."

तिने हे टोचायला म्हटलं नव्हतं, पण ते टोचलंच. दोन दिवस वैजयंतीबाई नीट जेवल्या नाहीत. नाही म्हणावं तर तिची आठ वर्षं त्या आपल्या मुठीत धरणार होत्या. हो म्हणावं तर जिवापाड वाढवलेल्या मुलीला स्वतःच्या हाताने त्या अंधारात ढकलणार होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. ती बरोबर केली की चूक, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनी मनाशी ठरवली. डॉक्टरांना फोन करून त्यांनी विचारलं की विंगेत जर रोज मायेचं माणूस उभं राहिलं, तर शरीर हळूहळू शिकेल का, की इथे भिण्यासारखं काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, पण करून बघायला हरकत नाही.

कोल्हापूरचा पहिला प्रयोग दुपारी साडेचारचा होता. वैजयंतीबाईंनी व्यवस्थापकाला सांगून डावी विंग रिकामी करून घेतली. पदाच्या वेळी तिथे एकही पुरुष उभा राहायचा नाही, अशी ताकीद दिली. मग हातात पाण्याचं भांडं घेऊन त्या स्वतः तिथे उभ्या राहिल्या. रंगमंचावरून दिसावं म्हणून मुद्दाम एक पाऊल पुढे.

ईशानी पद म्हणू लागली. काय गात होती ती! वैजयंतीबाईंना आपली पंचविशी समोर उभी दिसली. ती जागा जवळ आली तशी ईशानीची नजर डावीकडे गेली. तिने माईंना ओळखलं, डोळ्यांत हसू आलं. आणि त्याच क्षणी तिचा खांदा पडला, पाऊल मागे गेलं, श्वास अडला. सूर असा फुटला की पहिल्या रांगेतल्या बाईने तोंडाला पदर लावला.

पद संपलं. टाळ्यांत ईशानी विंगेत आली. वैजयंतीबाईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. ईशानी पडद्याला अंग चिकटवून, त्यांच्यापासून होईल तितकी लांबून पुढे गेली आणि पलीकडे जाऊन थांबली.

"तुमच्यामुळे नाही हो, माई," ती तिथूनच म्हणाली. "खरंच नाही. पण जवळ येववत नाही."

"कळतंय गं मला," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

बाहेर टाळ्या थांबेनात. मग वन्समोअर सुरू झाला, आधी बाल्कनीतून आणि मग सगळ्या थिएटरमधून. वन्समोअर मिळाला की नायिकेने परत जायचं, पद पुन्हा म्हणायचं आणि पुन्हा त्याच बाजूने एक्झिट घ्यायची, ही संगीत नाटकाची जुनी रीत. ईशानीने डोळे पुसले, पदर नीट केला आणि ती उजेडात गेली.

पेटीवर सुरुवातीचे सूर वाजले. वैजयंतीबाई विंगेतून बाहेर पडल्या आणि जिना उतरून मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात ईशानी पुन्हा त्याच विंगेत येणार होती, आणि तिथे आता कुणीच नव्हतं.