आधी मामांची तयारी

सिग्नलपाशी आम्ही तिघं थांबलो होतो. मी, एक उंच माणूस आणि त्याचं बोट धरलेली चार वर्षांची मुलगी.

"कोणता रंग लागलाय?" त्याने तिला विचारलं.

"डाळिंबी."

"अगं, शाळेत लाल म्हणायचं. काल ठरलंय ना आपलं?"

"पण हा लाल नाहीये. लाल दोरा खालच्या खणात असतो."

मला हसू आवरलं नाही. त्याने वळून पाहिलं. भुरभुर पाऊस होता, त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब अडकले होते.

"हसा, हसा," तो म्हणाला. "आज शाळेत हिला बघणार आहेत. तिथली बाई काही हसायची नाही."

"खडूस आहे का हो?"

"तसं ऐकून आहे."

हिरवा लागला. "पोपटी!" मुलीने जाहीर केलं, आणि मी भराभर पुढे निघून गेले. दहा मिनिटांनी ते दोघं बालवर्गाच्या दारात उभे राहिले, तेव्हा टेबलामागे ती खडूस बाई, म्हणजे मीच, बसलेली होती... त्याचे कान असे काही रंगले, की मुलीलाच त्या रंगाचं नाव विचारावंसं वाटलं!

तो तिचा मामा होता. कोपऱ्यावरचं शिवणाचं दुकान त्याचं. तिची आई, म्हणजे त्याची ताई, इस्पितळात नर्स. ती ड्यूटीवर असली की ही चिमणी मामाच्या मशीनशेजारी वाढायची. तिथलंच सगळं तिने उचललं होतं. मी आकडे म्हणायला सांगितले, तर ती न अडखळता साठपर्यंत गेली आणि गप्प झाली.

"साठच्या पुढे?"

"पुढे टेप संपते," ती म्हणाली.

आता खरं सांगते. रंग, आकार, आकडे हे सगळं आम्ही विचारतो, पण ते आलं नाही तरी मी मनावर घेत नाही. ते शिकवायलाच तर मी तिथे आहे. मी बघते ते वेगळंच. घरचं माणूस नसताना मूल थोडा वेळ रमतं का, शू लागली तर सांगतं का, स्वतःचे बूट स्वतः चढवायचा निदान प्रयत्न तरी करतं का.

मामांना मी बाहेर पाठवलं. ते खिडकीत जाऊन उभे राहिले. मी काही विचारलं की चिमणी आधी खिडकीकडे बघायची आणि खिडकीतली मान हलली की उत्तर द्यायची. बूट घाल म्हटलं, तर तिने पाय लांब केला आणि महाराणीसारखी वाट बघत बसली. मी तोंड उघडायच्या आत मामा धावत आत येऊन गुडघ्यावर बसलेसुद्धा!

'अजून तयारी हवी. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू,' मी कागदावर लिहिलं.

तो वाचताना त्याचा चेहरा उतरला. "बाई, एवढ्यावर अडवू नका. गेल्या महिन्यात हिचा हात माझ्या इस्त्रीला लागला. त्या दिवसापासून ताई म्हणतेय, शाळा मिळाली तर ठीक, नाहीतर मी नोकरी सोडते. तिने रात्र-रात्र अभ्यास करून मिळवलेली नोकरी आहे हो ती... मी हिला शंभरपर्यंत शिकवतो. हजारपर्यंत!"

"मला साठसुद्धा नको होते."

"मग काय शिकवू?"

"तिला काही नका शिकवू. तुम्ही शिका. ती बूट घालत असेल तेव्हा हात मागे बांधून बसायचं."

"आणि चुकली तर?"

"चुकू द्यायचं."

कापड उलटं कापायला सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या एका ड्रेसची बाही सैल वाटायला लागली. सहा महिने ती तशीच होती, पण वाटायला त्याच आठवड्यात लागली. दुकानात शिरले, तर वाफेचा आणि नव्या कापडाचा उबदार वास... आणि तो स्टुलावर स्वतःचेच हात मांडीखाली दाबून बसलेला. समोर जमिनीवर चिमणी उजवा बूट डाव्या पायात कोंबत होती.

"किती वेळ झाला?" मी हळूच विचारलं.

"अकरा मिनिटं. बाई, तुम्ही फार निर्दय आहात."

"खडूस म्हणायचं होतं ना?"

"ते मी मागे घेतलं. निर्दयवर मात्र ठाम आहे."

बूट शेवटी गेला. उलटाच गेला, पण गेला. चिमणीने दोन पावलं टाकली, खाली बघितलं, विचार केला आणि पुन्हा बसून काढला. तो हूं की चूं न करता बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याच्या लक्षात नव्हतं.

तिथेच माझी गडबड झाली.

मग दुसरी बाहीही सैल निघाली. मग उंची. "बाई," तो टेप गळ्यात अडकवत म्हणाला, "नवा शिवला असता तर लवकर झाला असता."

"घाई कुणाला आहे?"

टाचण्या मोजून ठेवणारा तो माणूस... त्या दिवशी टाचण्यांची डबी त्याने सगळी सांडली.

तीन आठवडे संपले. ते दोघं आले, तेव्हा मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसले होते.

"तुम्ही इथे? आत कोण आहे?"

"मोठ्या बाई. आज चिमणीला त्या बघणार."

त्याचा चेहरा पडला. चिमणीला आत सोडून तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. "माझं काही चुकलं का? तुमच्यावर भरवसा होता म्हणून ताईला मी सांगितलं होतं, काळजी करू नकोस..."

"मीच मोठ्या बाईंना सांगितलं, की मला हे जमणार नाही."

"का?"

"कारण मी तिला पास केलं असतं, तर तिच्यासाठी केलं की तुमच्यासाठी, हे माझं मलाच कळलं नसतं. आणि त्या वर्गात मी आजवर एकही खोटी खूण केलेली नाही."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो ताडकन उठला... आणि पुन्हा बसला. या वेळी मधे जागा न ठेवता.

"म्हणजे... निकाल काहीही लागला तरी?"

"तो चिमणीचा निकाल. माझा लागून गेलाय. तुमचं काय ते तुम्ही सांगा."

"मला दुकान उघडायचं विसरायला झालंय, बाई. परवा एका गिऱ्हाइकाला मी तीन खिसे लावून दिले. आणखी काय सांगू?"

"एवढं पुरे."

दार उघडलं. मोठ्या बाईंच्या हाताला धरून चिमणी उभी होती, बुटांसकट, सुलट. "सोमवारपासून पाठवा हिला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी विचारलं, मामा हवेत का जवळ? तर म्हणाली, नको, ते रडतात."

तो हसला, डोळे पुसले आणि सवयीने तिला उचलायला वाकला. चिमणीने हात मागे घेतला.

"मामा, तू जा ना घरी. मला अजून तिकडे खेळायचंय."

ती आत पळाली. तो रिकामे हात घेऊन तसाच उभा राहिला, आता यांचं काय करायचं हे न कळल्यासारखा.

त्यातला एक मी धरला.

"चला, आधी ताईंना कळवू," मी म्हटलं. "आणि माझ्याबद्दलही तुम्हीच सांगा. मी शेजारी उभी राहते."